थोरल्यांची पसंती

वेइ-थिंगला माझ्या चित्रात मी सापडत नव्हते. हे तिने मला कॉफी पिता पिता सांगितलं, अगदी हळू आवाजात, कुणी गेल्याची बातमी द्यावी तसं.

"चित्र सुंदर आहे गं," ती म्हणाली. "पण यात तू कुठेयस?"

मी पुन्हा नीट पाहिलं. चित्रात पारदर्शक रेनकोट घातलेली मुलगी होती, मागे निऑनच्या पाट्या होत्या, वर हवेत जेलीफिश पोहत होते. मी खरोखरच कुठे नव्हते.

वेइ-थिंग माझी कॉलेजातली मैत्रीण. ताइपेतल्या एका बंद पडलेल्या टायरच्या दुकानात तिने गॅलरी काढली होती. पहिल्या प्रदर्शनात आम्हा काही जणांचं एकेक चित्र लागणार होतं. अट एवढीच, की ते चित्र जगात फक्त आपल्यालाच काढता आलं असतं असं हवं. मला ती भिंत हवी होती. मी एका गेम कंपनीत खजिन्याच्या पेट्या काढते. पेटी उघडते आणि आतून सोनेरी उजेड बाहेर येतो. पेटीत काय आहे ते काढायचं काम दुसऱ्या माणसाकडे असतं. नोकरीला लागल्यापासून मी फक्त उजेड काढलाय, आणि लोक विचारतात तेव्हा 'चित्रकार' असं सांगितलंय.

मग मी प्रेरणा शोधायला निघाले. प्रेरणेसाठी माझ्याकडे एक फोल्डर होता. त्यात इतरांनी काढलेली हजारो चित्रं साठवली होती आणि त्यांतल्या निम्म्यांत तीच रेनकोटवाली मुलगी होती. काहींनी तिला छत्री दिली होती, एकाने मांजर. ती सगळी सलग पाहिल्यावर लग्नाच्या पंगतीत सलग सहा वेळा गोड वाढल्यासारखं झालं. मग मी एका कार्यशाळेला गेले. तिथे एका शांत माणसाने आम्हाला एकेक मनुका तोंडात ठेवायला लावला आणि तो न गिळता, जे सुचेल ते काढा म्हणाला. माझ्या शेजारच्या बाईने आकाशगंगा काढली. मी मनुका काढला. तो शांत माणूस माझ्यावर नाराज झाला.

या सगळ्यात आकुंगचा फोन आला. आकुंग म्हणजे माझे आजोबा. ते शिनपूजवळच्या आमच्या गावी असतात.

"तू चित्रं काढतेस ना?" त्यांनी विचारलं. मी त्यांची एकुलती एक नात आहे, पण ते दरवेळी खात्री करून घेतात.

"काढते."

"मग ये. थोरल्यांच्या मांडवाची दर्शनी पाटी काढायचीय. आणि थोरले जेवत नाहीयेत. घरात जेवढे हात तेवढे बरे."

थोरले म्हणजे डुक्कर. पण आमच्या घरी तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यातल्या मोठ्या पूजेचा मान पंधरा गावगटांत फिरत फिरत पंधरा वर्षांनी आमच्याकडे आला होता. ज्याचं डुक्कर सगळ्यात जड भरेल त्याचा पहिला नंबर, आणि मग त्या डुकराचाच नैवेद्य. गेल्या पाळीला आकुंगच्या डुकराचा नंबर लागला नव्हता. शेजारच्या ल्यूंचा लागला होता. ल्यू आता वारलेत, पण आकुंग अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. म्हणून या वेळी त्यांनी दोन वर्षं थोरल्यांना सांभाळलं होतं. त्यांना अहोजाहो करायचं. त्यांच्यासमोर मोठ्याने भांडायचं नाही, आणि वजनाचं तर नावसुद्धा काढायचं नाही. दृष्ट लागते.

मी गेले, कारण रजा शिल्लक होती आणि प्रेरणा शिल्लक नव्हती.

आमच्या घरात एसी एकच आहे आणि तो गोठ्यात आहे. घरात काकू पंख्यासमोर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसते आणि थोरले मच्छरदाणीत, गार हवेत, रेडिओवरची जुनी गाणी ऐकत लोळतात. लोळतात म्हणजे पडून असतात. त्यांना उठता येत नव्हतं. त्यांचे पाय पोटाखाली कुठेतरी होते, त्यांना स्वतःलाही ते बरेच महिने दिसले नसावेत. अंगावर वळ्यांवर वळ्या होत्या आणि दर वळीच्या फटीत पांढरट ओला मळ साचायचा. तो काकू कापूस गुंडाळलेल्या काडीने काढायची, बाळाचे कान साफ करावेत तशी, आणि काडी नाकाजवळ नेऊन बघायची. "आज आंबूस नाहीये," ती समाधानाने सांगायची. मग त्याच हाताने मला केळं सोलून द्यायची.

ऑगस्टचं ऊन असं होतं, की चित्र काढायला बसायची एकच जागा होती. मी गोठ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर टॅब घेऊन बसले. वास सहन होईपर्यंत तोंडाने श्वास घेतला, तर वासाची चव लागली. मग परत नाकाने.

आकुंग समोर बादली घेऊन उकिडवे बसले होते. बादलीत रताळी, तांदळाचा कोंडा, अंडी आणि दुधाची पावडर घालून उकडलेली पेज होती. आकुंग आधी डाव स्वतः चाटून बघायचे, मीठ-बीठ ठीक आहे ना म्हणून. मग तोच डाव थोरल्यांच्या ओठांना लावायचे. थोरले तोंड उघडत नव्हते. बाजूच्या गावात कुणीतरी फटाके लावले होते तेव्हापासून त्यांनी अन्नावरची वासना सोडली होती.

"एक घास," आकुंग म्हणत होते. "एक माझ्या नावाचा. बरं, एक ल्यूच्या नाकावर टिच्चून."

मी रेनकोटवाल्या मुलीच्या केसांत चांदणं भरत होते. थोरल्यांनी एकदा माझ्या स्क्रीनकडे बघितलं. त्यांचा डोळा चरबीत इतका खोल होता, की कुणीतरी आत बसून भोकातून बघतंय असं वाटायचं. पांढऱ्या पापण्या, आणि आत एक थकलेला, अतिशय हुशार डोळा. त्यांनी मुलगी बघितली, चांदणं बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांच्या आकाराला मान फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेऊन फिरवलं.

मला राग आला. वेइ-थिंगचं समजू शकते, तिने पुस्तकं वाचलीत. मी ते चित्र बंद करून कोरं पान उघडलं आणि त्या वेळी मला सगळ्यात किळस ज्याची येत होती ते काढलं. थोरल्यांच्या खालच्या ओठावरून लोंबणारी लाळेची तार, आणि तिच्यात अडकून अजून पाय हलवणारी हिरवी माशी. ना उजेड, ना जेलीफिश. राखाडी, पिवळट आणि त्या हिरव्याचा एक ठिपका.

थोरल्यांनी मान परत फिरवली. स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांचं तोंड आपोआप उघडलं. आकुंगनी डाव आत सारला. मग दुसरा. मी हात थांबवला तर तोंड मिटलं.

"थांबू नकोस," आकुंग माझ्याकडे न बघता म्हणाले. "काढ."

मी माशीचा तिसरा पाय काढला. बादली संपली.

काकू म्हणाली योगायोग आहे. आकुंग योगायोग मानत नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला स्वतः स्टूल पुसून दिलं आणि मी तेच माशीचं चित्र परत समोर धरलं. थोरल्यांनी ओळखलं. तोंड उघडायचं नाव नाही.

"शिळं चालत नाही त्यांना," आकुंग म्हणाले. "ताजं काढ."

इथून माझी खरी नोकरी सुरू झाली. थोरले दिवसातून तीनदा जेवायचे आणि दर जेवणाला एक नवी कल्पना लागायची. तिकडे मनुका चघळून महिन्यात एक सुचत नव्हती, इकडे आजोबा सकाळी अंगणात दात नसलेल्या तोंडाने विचारायचे, "दुपारचं काय आहे?"

पहिल्या काही दिवसांत मी घरातली सगळी घाण काढली. पेजेवर धरलेली साय. न्हाणीघराच्या जाळीत अडकलेला काकूच्या केसांचा गुंता. खारवलेल्या मुळ्याच्या बरणीवरचा बुरशीचा केसाळ पापुद्रा. थोरले आवडीने जेवत होते. मग एका दुपारी मी उंदराचा पिंजरा काढला, आत मेलेला उंदीर, पोट फुगलेलं. मला स्वतःलाच तो फार चांगला जमलाय असं वाटत होतं, म्हणून त्याच्या डोळ्यात मी एक छोटीशी चमक ठेवून दिली. हाताची सवय, दुसरं काय. थोरल्यांनी तोंड मिटलं.

"काय घातलंस त्यात?" आकुंगनी विचारलं. स्वयंपाकात केस सापडल्यावर विचारतात तसं.

"काही नाही. जरा उजेड."

"काढून टाक."

मी चमक पुसली. तोंड उघडलं. कॉलेजात मला इतक्या स्पष्टपणे कुणी शिकवलं नव्हतं.

पुढे नुसत्या घाणीनेही भागेना. थोरल्यांना घाण घरचीच होती, त्यात त्यांना नवल नव्हतं. मी घाई करून काढलेलं त्यांना कळायचं. तेव्हा मी बघायला लागले. एका दुपारी आकुंग ओट्यावर झोपले होते, तोंड उघडं. त्यांची कवळी देव्हाऱ्यातल्या संत्र्यांशेजारी पाण्याच्या पेल्यात होती, कारण तिथे ती सांडत नाही. मी कितीतरी वेळ त्यांच्या त्या रिकाम्या तोंडाकडे बघत राहिले. हिरड्या, कडेला वाळलेला थुंकीचा पांढरा थर, आणि दर श्वासाला आत ओढला जाणारा गाल. किळस आली आणि जागचं हलवेना. ते चित्र काढत असताना थोरल्यांनी काकूच्या हातून संपूर्ण बादली खाल्ली आणि आणखी मागितली.

आकुंग झोपेतून उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"हा मी?"

"हो."

"मेलोय?"

"झोपलाय."

"त्यांना आवडला?"

"दोन बादल्या."

"मग ठीक आहे," आकुंग म्हणाले आणि कवळी शोधायला गेले.

ते चित्र मी वेइ-थिंगला पाठवलं. माझी खात्री होती. तिचं उत्तर संध्याकाळी आलं. 'ताकद आहे. पण आ-यून, उद्घाटनाला लोक खाऊनपिऊन येतात गं. आणि खाली कॉफी विकायचीय. त्या रेनकोटच्याच दिशेने अजून थोडं आत जाऊन बघ ना.'

मी ते उत्तर थोरल्यांसमोर वाचून दाखवलं. ते ढेकर देऊन पडून राहिले.

वजनाचा दिवस जवळ येत होता. थोरले रोज वाढत होते. ते माझ्या डोळ्यांदेखत वाढत होते आणि माझ्यामुळे वाढत होते, हे माझ्या एवढ्या उशिरा ध्यानात आलं याचं एकच कारण आहे. इतकी चांगली चित्रं मी आयुष्यात काढली नव्हती. जेवढं चित्र खरं, तेवढे ते जाड. आणि जेवढे ते जाड, तेवढी सुरी जवळ.

"समजा, भरले नाहीत तर?" मी आकुंगना विचारलं. वजन हा शब्द टाळून विचारलं.

"तर नाव मागे घेईन. एकदा हसं झालं तेवढं पुरे. मग हे आणि मी, दोघं इथेच म्हातारे होऊ. एसी आहेच."

वजनाला दोन दिवस होते. त्या संध्याकाळी मी ठरवून बसले. रेनकोटवाली मुलगी उघडली. तिला मी सगळं दिलं. डोळ्यांत चांदण्या, ओठांवर चमक, गालावर निऑनचा गुलाबी, केसांत जेलीफिश, आणि मागून, खजिन्याच्या पेटीतून यावा तसा सोनेरी उजेड. माझं मलाच बघवत नव्हतं. हे बघून थोरले उपाशी राहणार याबद्दल शंका नव्हती.

थोरल्यांनी बघितलं आणि तोंड उघडलं.

आकुंगनी डाव सारला. मी आणखी चमक घातली. त्यांनी आणखी खाल्लं. मी मुलीच्या हातात मांजर दिलं, मांजराला पंख दिले. तीन बादल्या. पेज त्यांच्या हनुवटीवरून ओघळत होती आणि ते त्या पंखवाल्या मांजराकडे प्रेमाने बघत होते. इतके दिवस माझी शिकवणी घेतलेल्या त्या कठोर मास्तरांची अभिरुची माझ्यासमोर नासली.

"त्यांना हे कसं आवडलं?" मी म्हणाले. "हे तर भिकार आहे."

"आता तू नुसती बसलीस तरी पुरे," आकुंग म्हणाले. "लळा लागलाय."

"म्हणजे चित्रांमुळे नव्हतं ते?"

"चित्रांमुळे कसं असेल गं," आकुंग बादली खरवडत म्हणाले. "डुक्कर आहे ते."

दोन वर्षांत त्यांनी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला. मग बाहेर जाऊन बराच वेळ नळ सोडून बादली घासत राहिले.

मी टॅब खाली धरून बसले होते. तेवढ्यात थोरल्यांनी मान लांब केली, त्यांच्याच्याने होईल तेवढी, आणि आपलं ओलं, पेजेने माखलेलं नाक स्क्रीनवर टेकवून जोरात घासलं. हुंगायचं असेल किंवा पुसायचं असेल. टॅबवरचा ब्रश चालूच होता, काचेला काहीही लागलं तरी रंग उमटायचा. मुलीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रुंद, मातकट पट्टा उमटला. एक डोळा गेला, नाक गेलं, अर्धं मांजर गेलं. मी काच कोपराने पुसली. लाळ गेली. पट्टा राहिला.

थोरल्यांचा पहिला नंबर आला. मिरवणुकीनंतर मांडव सजला. सोललेलं कातडं मोठ्या सांगाड्यावर ताणून बसवलं होतं, पाठीवर केसांचा एक पट्टा राखलेला, आणि खाली मधोमध ते एवढंसं तोंड, त्यात अख्खा अननस. चेहरा हसरा दिसत होता, कारण ताणल्यावर सगळ्यांचाच दिसतो. दर्शनी पाटी मी काढली होती, ढग, ड्रॅगन आणि सांगाड्याच्या पोकळीतून बाहेर येतोय असा सोनेरी उजेड. लोक म्हणाले, उजेड फार छान जमलाय. जमणारच. आत काय आहे ते काढायचं काम दुसऱ्या माणसाने केलं होतं. ल्यूंचा मुलगा आकुंगना वाकून नमस्कार करून गेला. आकुंगनी मान हलवली आणि दिवसभर काही खाल्लं नाही.

मांस नातेवाइकांत वाटलं गेलं. मी ताइपेला निघताना काकूने बर्फातली एक पिशवी माझ्या हातात दिली.

"तोंडाकडचा भाग आहे," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघत जेवायचे ना, म्हणून आकुंग म्हणाले, तुझ्या वाट्याला तो."

ताइपेला पोचले तर वेइ-थिंगचे निरोपावर निरोप. माझ्याकडे पाठवायला काही नव्हतं, म्हणून मी तिला तो पट्टा ओढलेली मुलगी पाठवून दिली. ती लगेच घरी आली. इतकी हळू बोलणारी बाई, पण जिना पळत चढली होती.

"हे," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "हे तू आहेस. हा फटकारा बघ. किती निर्दय आहे. स्वतःच्याच सौंदर्यावरून हात फिरवलायस तू. हे दुसरं कुणी करूच शकलं नसतं."

"नसतं," मी कबूल केलं.

"मला अशी आणखी तीन दे. आख्खी भिंत तुझी. हाच हात हवा, आ-यून. हा हात सोडू नकोस."

तो हात माझ्या फ्रीजरमध्ये होता, वाटाण्यांच्या मागे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी थोरल्यांच्या नाकाची पिशवी बाहेर काढली. शेवयांचं पाणी उकळायला ठेवलं. बर्फ सुटून नाक थोडं मऊ झाल्यावर माझ्या जुन्या चित्रांतल्या रेनकोटवाल्या तीन मुली उघडल्या, आणि ते नाक दोन्ही हातांनी धरून तिघींच्या तोंडावरून एकेकदा ओढलं. काचेला ते कळलं. काचेला जिवंत आणि मेलेलं यात फरक करता येत नाही. तीन रुंद, मातकट, निर्दय पट्टे उमटले. शेवयांच्या पाण्याला उकळी येईपर्यंत आख्खी भिंत तयार झाली होती. माझ्या मनगटावरून गुलाबी पाणी कोपराकडे ओघळत होतं आणि टॅब चरबीने तुळतुळीत झाला होता.

मी त्या तिघींकडे बघितलं. सुंदर होत्या. मला बेसिनपर्यंत जायला जेमतेम वेळ मिळाला.

तोंड धुऊन आले आणि तिन्ही पुसून टाकल्या. मग नाक चिरायच्या पाटावर ठेवलं, समोर स्टूल ओढलं आणि कोरं पान उघडलं. दोन भोकं, कडेला दोन-तीन पांढरे केस, एका भोकात अजून सुकलेली पेज. ती पेज आधी आकुंगनी चाटून बघितली असणार. खाली पाटावर हळूहळू पसरत जाणारं पाणी. कडेला उजेड ठेवायची दोनदा हुक्की आली. दोनदा हात मागे घेतला.

संध्याकाळ झाली तेव्हा ते चित्र वेइ-थिंगला पाठवलं. खाली लिहिलं, 'माझं हे आहे. ती मुलगी लावू नकोस, तो हात माझा नव्हता. लावायचं तर हेच लाव.'

ती बराच वेळ काहीतरी लिहीत होती, खोडत होती. शेवटी उत्तर आलं. 'लोक खाऊनपिऊन येतात गं.'

मी फोन उलटा ठेवला. शेवयांचं पाणी आटून गेलं होतं, ते परत ठेवलं. पाटावरचं धुतलं, चिरलं, आलं-मीठ घालून पातेल्यात टाकलं. चित्र समोर उघडंच होतं आणि मला सपाटून भूक लागली होती.